पणजोबांचं नाव उकंडा

नमस्कार मंडळी.

मागच्या रविवारी इथं परदेशात, आपल्या मराठी शाळेत नऊ वर्षांच्या एका मुलीनं प्रश्न विचारला. तो अजून डोक्यातून जात नाही. मुलं वंशावळीचे तक्ते भरत होती. हिची आजी वऱ्हाडात दर्यापूरकडच्या खेड्यात असते. तिनं फोनवर सांगितलेली नावं पोरीनं पेन्सिलीनं एकेका चौकटीत लिहिली होती. पणजोबांच्या चौकटीत लिहिलं होतं 'उकंडा'. बाईंनी अर्थ सांगितला, उकिरडा, शेणकाडी टाकायची जागा. मुलगी थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे ते कोणालाच नको होते का?"

त्यावरून घरी वाद झाला. वडील म्हणाले, खोड ते, 'उत्तमराव' लिही, कार्यक्रमाला लोक येणार आहेत. आजी फोनवरून म्हणाली, "काहून खोडतं रे बापा? माह्या सासऱ्याचं नाव हाये थे."

वर्गात त्या दिवशी उत्तर अर्धवट राहिलं. आज ते पूर्ण करू.

पोरी, तुझे पणजोबा सगळ्यात जास्त हवे होते. ज्या घरी आधीची दोन-तीन लेकरं दगावली, त्या घरी पुढचं लेकरू झालं की त्याला सुपात घालून उकंड्यावर नेऊन ठेवत. दाई किंवा शेजारीण ते उचलून आणी आणि आई तिच्याकडून पसाभर ज्वारी देऊन आपलंच लेकरू विकत घेई. टाकून दिलेल्या वस्तूकडे मरण वळून बघत नाही, अशी समजूत होती. कवडी देऊन घेतला तो कवडू. फकिराच्या झोळीत घालून परत मागून घेतला तो फकिरा. मुलाचं नाक टोचून, नथ घालून मुलगी असल्याचं भासवलं तो नथ्थू. दगडू, धोंडू, कचरू, भिकाजी ही सगळी त्याच घरची नावं. १९१८ सालच्या मानमोडीनं, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीनं, मध्यप्रांत-वऱ्हाडात घरंच्या घरं रिकामी केली. १९५१ च्या सुमारासही देशात जन्मलेल्या हजार लेकरांपैकी १४६ लेकरं वर्ष भरायच्या आत जात होती. अशा काळात आईनं ठेवलेलं 'उकंडा' हे नाव म्हणजे लेकराभोवती घातलेलं कुंपण होतं.

आपल्याकडचं जुनं कोतवाल बुक, म्हणजे कोतवालानं ठेवलेली गावच्या जन्ममृत्यूंची नोंदवही, ज्यांनी जातीच्या दाखल्यासाठी तहसिलीतून काढलं असेल, त्यांना आठवेल. जन्माच्या ओळीत तारीख असते, बापाचं नाव असतं, जात असते, आणि लेकराच्या जागी पुष्कळदा नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी'. कोतवाल नोंद करायचा तेव्हा बारसं झालेलं नसायचं. लेकरू बाराव्या दिवसापर्यंत टिकलं तर आत्या पाळण्यात कानाशी कुर्रर्र करून नाव सांगणार. त्याआधी नाव घेणंसुद्धा धोक्याचं. आज वंशावळ जुळवताना आपण अडतो ते इथेच: कोतवाल बुकात नाव नाही, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये गुरुजींनी सुधारून लिहिलेलं नाव आहे, आणि सातबाऱ्यावर तिसरंच. घरचा दगडू शाळेत दिगंबर झाला, शेतीच्या कागदावर दगडूजी राहिला, आधार कार्डावर दिगंबरराव. वारसनोंदीच्या वेळी तलाठी विचारतो, ही माणसं किती? ज्यांची गावाकडे शेती आहे त्यांनी वडील हयात असतानाच सगळ्या कागदांवरची नावं एकमेकांशेजारी मांडून बघावीत. 'राव' आणि 'जी' लागलेत की नाहीत तेही बघावं. फरक असेल तर एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि 'उर्फ' लावलेली नोंद आताच करून घ्यावी. मृत्यूनंतर हेच काम दहापट लांबतं.

बायकांचं तर याहून अवघड. ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलेलं सासरचं नाव पुढं सगळ्या कागदांवर चढलं आणि माहेरचं नाव फक्त भावाच्या तोंडी उरलं. कितीतरी तक्त्यांत मुलांनी पणजीच्या चौकटीत 'माहीत नाही' लिहिलं आहे. उकंडाचा प्रश्न निदान नाव माहीत असल्यामुळे उठला. मुलींना 'नकुसा' म्हणून हाक मारायची ती गोष्ट मात्र वेगळी. तिथं नाव अगदी अर्थासकट मनापासून ठेवलेलं असायचं. साताऱ्यात २०११ साली जिल्हा परिषदेनं अशा २८५ मुलींची नावं समारंभानं बदलली, हे चांगलं झालं.

आता त्या मुलीच्या वडिलांची बाजू. ती हसण्यावारी नेऊ नये. कचरू हे नाव आईच्या तोंडी माया होतं, पण वाड्यावरून तीच हाक 'कचऱ्या' अशी आली की ते नाव माणसाला त्याची जागा दाखवायला वापरलं जायचं. हे आपल्या गावांनी केलेलं आहे. म्हणून १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आणि १६ ला चंद्रपुरात बौद्ध धम्माची दीक्षा झाल्यावर विदर्भात नावांचा जो पालट झाला, तेवढा मोठा पालट दुसऱ्या कशानंही झाला नाही. सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, मिलिंद, महेंद्र, सुजाता, संघमित्रा, प्रज्ञा, करुणा ही नावं एका पिढीत झोपडीझोपडीत पोचली. ती सिनेमातून किंवा पंचांगातून आली नव्हती. माणसांनी विचार करून, अर्थ समजून घेऊन, जी घेऊन कोणाला हिणवता येणार नाही अशी नावं निवडली. नाव ठेवणं हे एवढं मोठं काम असू शकतं, हे आपल्या मुलांना ठाऊक असायला हवं.

बाकीचे प्रवाह तुम्हाला पाठ आहेत. शेगावच्या महाराजांमुळे एकेका वर्गात चार-चार गजानन, मग बापाच्या नावावरून ओळखायचे. पंढरीच्या वाटेवरचे पुंडलिक, नामदेव, पांडुरंग, आणि कौंडण्यपूर रुक्मिणीचं माहेर म्हणून घरोघरी रुक्मिणी. गडचिरोली-गोंदियाकडे जन्मवारावरून सोमा, मंगरू, बुधराम. पुढे क्रिकेटचे सचिन. त्या सचिनचं नावही वडिलांनी संगीतकार सचिनदेव बर्मन यांच्यावरून ठेवलेलं.

आता खेड्यातही दाईची जागा दवाखान्यानं घेतली आणि आत्याची जागा मोबाइलनं. तीन अक्षरी नाव, शेवटी 'अंश' किंवा 'आन', आणि गावात दुसऱ्या कोणाचं नसलेलं, एवढी अट घालून शोधलं की सगळ्यांना त्याच याद्या सापडतात. मग वेगळं म्हणून शोधलेली रियांश, अयांश, शिवांश, विहान, कियान अशी पाच मुलं एकाच अंगणवाडीत बसतात. 'अंश' म्हणजे भाग हे खरं, पण कशाचा भाग हे सांगणारा पहिला शब्द बऱ्याच नावांत कोणत्याच शब्दकोशात मिळत नाही. यादीतला 'अर्थ' यादी करणाऱ्यानं लिहिलेला असतो. नाव पक्कं करण्याआधी संस्कृत किंवा मराठी कोशात एकदा बघा. तिथं नसेल तर फारसी-अरबी मूळ आहे का ते बघा. तसं असलं तरी वाईट काही नाही, पण मुलानं विचारल्यावर खरं सांगता आलं पाहिजे.

पत्रिकेवाले अक्षर काढून देतात त्याचंही गणित साधं आहे: २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ४ चरण, अशी १०८ अक्षरं. त्यात आर्द्रेला ङ आणि छ, हस्ताला ष, ण, ठ, उत्तराभाद्रपदेला थ, झ, ञ येतात. अशा अक्षरावर अडून ओढूनताणून नाव घडवू नका. आपल्याकडे रासनाव पत्रिकेत राहायचं आणि हाकेचं नाव निराळं असायचं. ती सोय अजूनही आहे.

अमेरिकेत जन्माच्या नोंदीतून दरवर्षी नावांची यादी निघते. १९४७ साली लिंडा हे एकच नाव जवळजवळ एक लाख मुलींना मिळालं. २०२३ साली पहिल्या क्रमांकाचं ऑलिव्हिया साधारण १५ हजार मुलींना. वेगळेपणाची ही ओढ त्यांच्याकडेही आहे, आपल्या खेड्यातही आहे, आणि आपल्या मंडळात तर सगळ्यात जास्त.

आपली आणखी एक अट असते, इथल्या लोकांना उच्चारता यावं. त्यावर एक निरीक्षण सांगावंसं वाटतं. वऱ्हाडी आजी 'ण' चा 'न' करते, 'ळ' चा 'य' करते. इथल्या शिक्षिकेलाही ण आणि ळ येत नाहीत. दोघी अर्णवला 'अर्नव'च म्हणतात. म्हणजे जे नाव आजीच्या तोंडी सहज बसतं, ते बहुतेक वेळा इथंही बसतं. ओवी, मीरा, माया, रमा, नामा. उलट ज्या नावाच्या शेवटी जोडाक्षरासारखं काही येतं ते दोन्हीकडे मोडतं. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीच्या धाकट्या भावाचं नाव रियांश आहे. आजी त्याला 'रियास' म्हणते, शाळेत 'रायन्श' म्हणतात. आणि हाकेचं शास्त्र वेगळंच आहे. बांधावरून हाक मारायची तर शेवटचा स्वर ताणता आला पाहिजे, 'गजाऽऽ', 'शेवंतेऽऽ'. 'रियांश' ताणायला जा, शेवटी नुसता वाऱ्याचा आवाज उरतो. नाव ठरवण्याआधी गावी फोन लावा आणि आजीला अंगणातून मोठ्यानं हाक मारायला सांगा. दोन मिनिटांत कळेल.

आत्याचा मानही आपण काढून घेतला आहे, हे थोडं रागावूनच सांगायचं आहे. तिला नाव कळतं ते घरच्या ग्रुपवरच्या फोटोखाली. इथं दवाखान्यातून निघण्याआधी फॉर्म भरायला देतात हे खरं, पण बऱ्याच राज्यांत नावाची जागा रिकामी ठेवून नंतर भरता येते, दवाखान्यात आधी विचारून ठेवा. गावाकडे बाळंतपण झालं तर जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. नाव मात्र १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क चढवता येतं, नंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. बारसं करायला वेळ पुष्कळ आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी येतं, तेही ध्यानात असू द्या. भारतीय पासपोर्टमध्ये मधल्या नावाला वेगळी जागा नसते. वडिलांचं नाव मधे लिहिलं तर ते मुलाच्या नावाला जोडूनच छापलं जातं, आणि मग इथल्या शाळेत मुलाला दोन्ही नावांनी हाक मारतात. अर्ज भरतानाच काय हवं ते ठरवा.

उकंडाच्या आईला भीती होती की लेकरू जगणार नाही. आपल्याला भीती आहे की हजेरी घेताना शिक्षिका आपल्या लेकराच्या नावापाशी अडखळेल. ज्ञानेश्वरचा डॅन आपण याच भीतीनं केला. ही भीती खोटी नाही, पोरांना वर्गात खरंच त्रास होतो. पण पन्नास वर्षांनी कुठलंसं लेकरू तक्ता भरताना 'डॅन' लिहील आणि बाईंना अर्थ विचारील, तेव्हा त्याला काय सांगायचं, हे सुचत नाही.

त्या मुलीचा तक्ता शाळेच्या कपाटात आहे. वडिलांनी सांगितलं म्हणून तिनं पणजोबांची चौकट खोडरबरानं पुसली, पण पेन्सिल दाबून लिहिलेली असल्यामुळे कागद तिरपा धरला की 'उकंडा' वाचता येतं. 'उत्तमराव' तिनं अजून लिहिलेलं नाही. रविवारी ती बाईंना विचारणार आहे की त्या चौकटीत कोणतं नाव घालू, आणि बाईंचं अजून ठरलेलं नाही.