साठ किलोंचा सोबती

(पुण्यात एका रविवारी सकाळी कुत्रे पाळणाऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मागे पंख्याखाली तो सेंट बर्नार्ड आडवा झालाय, त्याला उठवू नका. उकडायला लागल्याबरोबर त्याने गार फरशी गाठली. आपण मात्र घाम पुसत घड्याळातली दहा हजार पावलं पुरी करत बसतो.

माझ्याकडे दर महिन्याला कुणीतरी येतं आणि विचारतं, "डॉक्टर, मी रोज सात किलोमीटर पळतो. ग्रेट डेन घेतलाय. पळेल ना माझ्याबरोबर?" पळेल. पळेल हीच तर पंचाईत आहे. गाढव थकलं की बसतं, बैल अडून राहतो. कुत्रा मालक पुढे चाललाय म्हणून पाय ओढत येत राहतो. तेव्हा थांबायचं कधी, हे त्याच्यावर सोडून चालत नाही.

आधी थोडं गणित, मग कंटाळा आला तरी चालेल. प्राण्याची उंची दुप्पट झाली तर वजन आठपट होतं, पण ज्यावर ते वजन तोलायचं तो हाडाचा छेद, म्हणजे आडव्या कापाचं क्षेत्रफळ, चारपटच होतो. हे गॅलिलिओने १६३८ सालीच लिहून ठेवलंय. डेन म्हणजे मोठ्ठा केलेला लॅब्रॅडोर नव्हे. त्याचा प्रत्येक सांधा आपल्या ऐपतीच्या काठावर काम करत असतो.

त्यात त्याची वाढ बघा. जन्मताना अर्धा-पाऊण किलो, वर्षाचा होतो तेव्हा पन्नास किलोंच्या घरात. हाडं लांब होतात ती टोकाजवळच्या कुर्चेच्या चकतीतून. पॉमेरियनमध्ये ती चकती सहा-आठ महिन्यांत हाड बनून जाते. डेन, मॅस्टिफ यांना दीड वर्ष लागतं, कधी दोन. म्हणजे दहा महिन्यांचा डेन दिसतो घोड्यासारखा आणि आतून असतो बाळ. त्याला डांबरी रस्त्यावर, एकाच लयीत, पट्टा लावून तीन किलोमीटर पळवणं म्हणजे ओल्या स्लॅबवर पाण्याची टाकी ठेवणं.

"महिन्याला पाच मिनिटं" हा हिशोब तुम्ही ऐकला असेल. चार महिन्यांचं पिल्लू, वीस मिनिटं फिरवा. लक्षात ठेवायला सोपा आहे, पण त्याच्यामागे संशोधनाचा आधार नाही. आधार आहे तो वेगळ्याच गोष्टीला. नॉर्वेत न्यूफाउंडलँड, लिओनबर्गर, आयरिश वुल्फहाउंड आणि लॅब्रॅडोर या चार जातींच्या सुमारे पाचशे पिल्लांवर लक्ष ठेवलं गेलं. निष्कर्ष २०१२ मध्ये आले. पहिल्या तीन महिन्यांत रोज जिने चढ-उतर करणाऱ्यांत खुब्याचा डिस्प्लेसिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसणं, जास्त आढळला. आणि मऊ, थोड्या उंचसखल जमिनीवर मोकळं बागडणाऱ्यांत कमी. म्हणजे पिल्लाला कोंडून ठेवायचं नाही. गवतावर सोडा, खेळेल, बसेल, काडी चावेल, परत खेळेल. फक्त तुमच्या लयीला जुंपू नका.

मोठा झाल्यावर? दोन वर्षांनंतर, एकदा हृदय तपासून घेतल्यावर, मातीवर थोडं दुडकं पळणं चालतं. तपासणी का, तर डेनमध्ये हृदयाचा स्नायू कमकुवत होऊन हृदय फुगत जाण्याचा आजार नेहमीचा आहे, आणि बरेच दिवस तो बाहेर दिसत नाही. बाकी रोजचं म्हणाल तर सकाळ-संध्याकाळ अर्धा-पाऊण तास चालणं, आणि वास घेत रेंगाळला तर रेंगाळू देणं. तो त्याचा पेपर वाचत असतो.

आता एक गोष्ट घरी गेल्या गेल्या करा. मागच्या पायांची नखं बघा. माझ्याकडे पाच वर्षांचा एक काळा डेन आला होता. तक्रार काय, तर "हल्ली आळशी झालाय." मी पंजा हातात घेतला. मधली दोन नखं समोरून घासून सपाट झालेली, एकाच्या टोकाला सुकलेलं रक्त. कडेची दोन मात्र लांब. बाहेर फरशीवर चालवला, तर पाऊल टाकताना खर्र, खर्र असा आवाज. आळस कसला! मानेतल्या मणक्यांनी मज्जारज्जू दाबला होता, पाय नीट उचललाच जात नव्हता. आणि मालक रोज टेकडीचा चढ चढवून त्याला 'फिट' करत होते.

उन्हाचं सांगतो. कुत्र्याचं अंग गार होतं ते मुख्यतः धापेने, जिभेवरचं पाणी उडून. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ते पाणी उडतच नाही. तिथे पहाटेसुद्धा सांभाळा. एवढ्या थोराड अंगातली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. जीभ रुंद, गडद लाल, लाळ चिकट, पाय लटपटताहेत, तर आधी नळाचं पाणी अंगभर ओता, वारा घाला, आणि मग गाडी काढा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, तो आत ऊब धरतो. आणि डांबरावर हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवता आली नाही, तर त्याचे पंजेही टेकवू नका.

पोटाला पीळ पडण्याची भीती सगळ्यात जास्त डेनलाच. जेवून पळाल्यानेच तो पडतो असं छातीठोक सांगता येत नाही. एकदाच भरपेट, भराभर खाणं हीसुद्धा कारणं आहेत. तरी माझ्या घरी जेवण आणि फिरणं यांत दोन तासांचं अंतर. पोट ढोलासारखं फुगलंय आणि ओकारी काढतोय पण काहीच पडत नाही, तर सकाळची वाट बघू नका. रात्रीत जातो.

पट्टा कमरेला बांधून पळायची फॅशन आलीय. मीही केलं होतं. वेताळ टेकडीवर झुडपातून मोर उडाला, आणि पुढचे दोन महिने माझं मनगट प्लास्टरमध्ये होतं. पट्टा हातात धरा, मुठीला गुंडाळू नका. खरोखर पळायला जोडीदार हवा असेल तर आपल्या दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात मुधोळकडे कारवानी जातीचा कुत्रा आहे. पंचवीस किलोंच्या आसपास, कातीव अंगाचा, सशामागे धावायलाच घडलेला. त्याच्याही बाबतीत वाढ पुरी होईपर्यंत दम धरा, एवढंच.

ताई, विचारा. तिसरा मजला, लिफ्ट नाही आणि सेंट बर्नार्डचं पिल्लू? किती महिन्यांचं? अडीच. मग अजून महिनाभर उचलूनच न्या. नंतर तुम्हाला झेपणार नाही. तेव्हा जुनी चादर पोटाखालून घाला, दोन्ही टोकं वर धरा आणि एकेक पायरी. उतरताना जास्त सावकाश, कारण तेव्हा सगळा भार पुढच्या पायांवर येतो.