सात महिन्यांची नोकरी

(दृश्य: चाकण, तळेगाव चौक. पहाट. कंपन्यांच्या बस, रिक्षा, पायी येणारे कामगार.)

पहिली शिफ्ट सातची. चौकात गर्दी मात्र साडेपाचलाच. महाळुंगे, खराबवाडी, निघोजे, कुरुळी... कुठली बस कुठल्या गेटला जाते हे इथल्या चहावाल्यालाही पाठ आहे. शर्टांकडे बघा. निळा, राखाडी, खाकी. एकाच गेटमधून आत जाणारी माणसं, मशीनही शेजारी शेजारी, पण परमनंटचा रंग वेगळा, ठेकेदाराच्या माणसाचा वेगळा आणि ट्रेनीचा आणखी वेगळा. सुपरवायझरला नाव विचारायची गरज पडत नाही.

(दृश्य: विजेचे खांब. एकावर एक डकवलेली पोस्टर.)

'हेल्पर, ऑपरेटर पाहिजेत. आयटीआय, दहावी, बारावी. कॅन्टीन, बस. त्वरित जॉइनिंग.' पोस्टरवरचे फोन नंबर आम्ही झाकलेत. वयाची ओळ झाकलेली नाही. १८ ते २८. काही ठिकाणी तिशीपर्यंत.

आज ज्यांच्याबरोबर आपण फिरणार आहोत, ते छत्तिशीत आहेत.

(दृश्य: खराबवाडीतली खोली. पत्र्याची पेटी. फक्त हात दिसतात.)

लातूर जिल्ह्यातलं गाव. टर्नर ट्रेडमधून आयटीआय, २०१० ची बॅच. चेहरा दाखवू नका म्हणाले, कारण उद्या पुन्हा याच गेटांवर उभं राहायचंय. म्हणून तुम्हाला त्यांचे हात दिसताहेत. उजव्या अंगठ्याच्या नखावरचा काळा डाग आहे तो एका फिक्श्चरचा, म्हणजे जॉब (मशीनवर घडवायचा तुकडा) पकडून ठेवणाऱ्या चौकटीचा. हात मध्ये असतानाच क्लॅम्प बसला होता.

पेटीतून आता निघताहेत ती ओळखपत्रं. ही रितसर त्यांच्याजवळ राहिलेली नाहीत. ब्रेक देताना, म्हणजे कामावरून थांबवताना, ठेकेदार कार्ड जमा करून घेतो. यांनी दर वेळी 'हरवलं' म्हणून सांगितलं. त्याचा दंड फुल अँड फायनलमधून, म्हणजे शेवटच्या हिशेबातून, कापून घेतला गेला. कधी दोनशे, कधी पाचशे.

(बाईट: 'म्हणलं, पैसे जाऊ द्या. आपण इथं होतो हे सांगायला काय तरी पाहिजे ना हातात.')

कार्डं पलंगावर ओळीनं मांडली. आता नीट बघा. या पाच कार्डांवर ठेकेदाराची नावं पाच आहेत. पत्ते पाच. कंपनी एकच, आणि मशीनही एकच. दोन फोटोंत तर अंगात शर्टसुद्धा तोच आहे.

(दृश्य: पाच कार्डांवर संथ पॅन.)

असं का, ते समजायला थोडं कायद्यात शिरावं लागेल. हा भाग लांबेल, पण याच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

(दृश्य: कामगार संघटनेच्या कार्यालयातली फायलींची कपाटं. जुनी पुस्तकं.)

नव्या श्रमसंहिता येईपर्यंत, म्हणजे २०२५ पर्यंत, महाराष्ट्रात कारखान्यांसाठी आदर्श स्थायी आदेश, म्हणजे नोकरीच्या अटींचे नियम, होते. त्यातलं ४-क हे कलम या भागातल्या जुन्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ. मागच्या बारा महिन्यांत टेम्पररी किंवा बदली (दुसऱ्याच्या जागेवर काम करणाऱ्या) कामगाराचे एकूण २४० दिवस भरले, की त्याला कायम करायचं. हंगामी कारखाना असेल तर १९०. औद्योगिक विवाद कायदा १९४७ चा. त्यातही वर्षभराची सलग सेवा मोजायला हाच २४० चा आकडा होता. पगारी सुट्ट्या आणि साप्ताहिक सुट्ट्या धरल्या, तर हे होतात आठ महिने.

म्हणून नोकरी सात महिन्यांची.

सातवा महिना संपत आला की सुपरवायझर सांगतो, 'तुझा ब्रेक आलाय.' भांडण नाही, चौकशी नाही, चूकही नाही. माणूस खोली सोडतो किंवा सोडत नाही, गावी सोयाबीन काढायला जातो, नाहीतर भोसरीत मिळेल ते करतो. पुन्हा त्याच कंपनीला तोच माणूस हवा असतो, कारण त्याचा हात त्या मशीनवर बसलेला असतो. पण जुन्या नावावर घेतलं तर मागच्या बारा महिन्यांतले दिवस जोडले जातात. मग तो येतो दुसऱ्या ठेकेदाराच्या कागदावर. कागद नवा, कार्ड नवं, मोजणी शून्यापासून.

हे कायदा करणाऱ्यांना कळलं नव्हतं असं नाही. महाराष्ट्रानं १९७१ मध्येच अनुचित कामगार प्रथांविरुद्ध कायदा केला. त्याच्या चौथ्या अनुसूचीत सहावी बाब हीच आहे: कामगारांना कायमपणाच्या हक्कांपासून दूर ठेवण्यासाठी वर्षानुवर्षं बदली, कॅज्युअल किंवा टेम्पररी म्हणून ठेवणं. पन्नास वर्षांपूर्वी नाव देऊन ठेवलेली गोष्ट आहे ही. फक्त ती सिद्ध करायची असते. आणि २४० दिवस भरले हे दाखवण्याची जबाबदारी कामगाराची, असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलेलं आहे. आता दोनशे रुपये दंड भरून कार्ड ठेवणाऱ्या माणसाचं गणित लक्षात येईल.

(दृश्य: मोबाईलचा स्क्रीन. पीएफचं पासबुक. नाव आणि नंबर झाकलेले.)

कार्डं झाली, आता पासबुक. यूएएन नंबर आल्यापासून, म्हणजे २०१४ पासून, एका माणसाचे सगळे पीएफ खाते एका नंबराखाली दिसतात. चांगलीच सोय. पण हीच सोय आता त्यांच्या नोकरीची कुंडली झाली आहे. ठेकेदाराच्या ऑफिसात बसलेला पोरगा आधार आणि यूएएन टाकतो आणि स्क्रीन स्वतःकडे वळवून घेतो.

महिने बघा. सहा, सात, पाच नोंदी. मग काही नाही. पुन्हा सात. मग काही नाही.

सगळ्यात मोठी पोकळी आहे ती तीन वर्षांची. त्या तीन वर्षांत एकही हप्ता नाही. पासबुकावर भरवसा ठेवला तर हा माणूस तेव्हा घरी बसून होता. प्रत्यक्षात याच तीन वर्षांत त्यांनी सर्वांत सलग काम केलं. एकच प्लांट, तीन शिफ्ट, सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या मशीनवर. पण तेव्हा ते 'नीम ट्रेनी' होते. तंत्रशिक्षण परिषदेनं २०१३ मध्ये आणलेली ही योजना. तीन महिन्यांपासून छत्तीस महिन्यांपर्यंत प्रशिक्षण, पगाराऐवजी स्टायपेंड, आणि नातं मालक-कामगाराचं नाही. म्हणून पीएफ नाही. आयटीआयनंतरचं अप्रेंटिसशिपचं वर्षही याच कारणानं पासबुकात नाही. १९६१ च्या कायद्यानं अप्रेंटिस हा शिकाऊ, कामगार नव्हे.

(बाईट: 'तीन वर्षांत शिकलो काय, तर जॉब लावायचा, दार लावायचं, बटण दाबायचं. ते चौथ्या दिवशीच आलं होतं.')

२०१९ ची पोकळी वाहन उद्योगातल्या मंदीची. कंत्राटी माणसं आधी गेली, परमनंटला ब्लॉक क्लोजर, म्हणजे ठरावीक दिवस कारखाना बंद, एवढंच मिळालं. त्यानंतरची मार्च २०२० ची. ती सगळ्यांना माहीत आहे, पण मुलाखतीत तिचंही कारण विचारलं गेलं.

(दृश्य: झेरॉक्सचं दुकान. संगणकावर बायोडाटा.)

आता हे सगळं एका पानावर बसवायचं. नाणेकरवाडी रस्त्यावरच्या या दुकानात बायोडाटा पन्नास रुपयांत. दुकानदार वर्षं विचारतो, टाइप करतो. तिसऱ्या ओळीला थांबतो.

(बाईट, दुकानदार: 'दादा, एवढ्या कंपन्या लिहिल्या तर घेणार नाहीत. दोन ठेवू. मधलं शेती टाकू.')

सल्ला प्रामाणिक आहे. रोज अशी माणसं त्याच्यापुढं बसतात. पण दोन ठेवल्या तर पोकळी मोठी होते. सगळ्या लिहिल्या तर माणूस टिकत नाही असं दिसतं. आणि खोटं लिहिलं तर यूएएनमध्ये सापडतं. शेवटी ठरलं ते तुम्हाला स्क्रीनवर दिसतंय: 'सन २०११ ते आजपर्यंत, चाकण औद्योगिक क्षेत्र, विविध ठेकेदारांमार्फत.' दुकानदाराला ते पसंत नव्हतं. आम्हाला विचाराल तर इतकं खरं वाक्य त्या दुकानात क्वचितच टाइप झालं असेल.

(दृश्य: ठेकेदाराच्या ऑफिसाबाहेरची रांग. आतलं चित्रण नाही.)

आत कॅमेरा नेऊ दिला नाही. बाहेर आल्यावर त्यांनी जे सांगितलं ते असं. पहिला प्रश्न वय. दुसरा, 'मध्ये मध्ये काय करत होता?' यांनी सांगितलं, ब्रेक दिला होता. समोरचा म्हणाला, 'सगळ्यांनीच दिला?'

रांगेतली बाकी पोरं विशीतली आहेत. त्यांच्या पासबुकात अजून दोन-तीनच नोंदी आहेत.

(दृश्य: संघटनेचं कार्यालय. टेबलावर कागद लावणं चाललंय.)

इथले कार्यकर्ते आलेल्या प्रत्येकाला आधी एकच काम लावतात. कागद तारखेनं लावायचे. सॅलरी स्लिप नसेल तर पगार जमा झाल्याचं बँकेचं स्टेटमेंट, कारण त्यात ठेकेदाराचं नाव येतं. पीएफच्या साइटवरून सर्व्हिस हिस्टरी काढायची. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड. गेटपास. कॅन्टीनची कुपनंसुद्धा. कंत्राटी कामगारांचा १९७० चा कायदा, त्याच्या नियमांत काम सुटताना ठेकेदारानं सेवा प्रमाणपत्र द्यायचं असं होतं. आम्ही त्या सकाळी तिथं बसलेल्यांना विचारलं. कुणाच्याही हातात ते कधी पडलेलं नव्हतं. मागायचं असतं हेही बहुतेकांना तिथंच कळलं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यात प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं सक्तीचं आहे. पुढच्यांसाठी ते उपयोगी पडेल. मागची पंधरा वर्षं ते लिहून देणार नाही.

ब्रेकमध्ये घर चालवायला यांनी पीएफ काढला. एकदा नाही, दर मोठ्या ब्रेकला. दोन महिने बेकार राहिलं की काढता यायचा. त्याबरोबर पेन्शनचे पैसेही काढले, आणि पेन्शनसाठी लागणाऱ्या दहा वर्षांची मोजणी दर वेळी पुसली गेली. ग्रॅच्युइटीचा प्रश्नच आला नाही. बायको-मुलं तीन वर्षांपासून गावी आहेत.

(दृश्य: भोसरी एमआयडीसी. लहान वर्कशॉप. जुनं लेथ मशीन.)

भोसरी. शेड लहान, माणसं नऊ. मालक स्वतः एका मोठ्या कारखान्यातून व्हीआरएस घेऊन बाहेर पडलेले. त्यांनी बायोडाटा हातात घेतला, घडी घातली आणि कूलंटच्या कॅनखाली ठेवला. मग ड्रॉइंग पुढं केलं.

पंचवीस मिलिमीटरचा शाफ्ट, एच-सात टॉलरन्स. म्हणजे पंचवीसच्या वर काही नाही आणि खाली फक्त एकवीस मायक्रॉन, मिलिमीटरचे एकवीस हजारांश. सीएनसीवर हे मशीन बघतं. इथं हाताला बघावं लागतं.

(दृश्य: क्लोजअप. चकमध्ये जॉब, टूलपोस्ट, हात. मशीनचाच आवाज राहू द्यावा.)

आयटीआय सुटल्यापासून साध्या लेथला त्यांचा हात फारसा लागलेला नव्हता. पहिला कट भीत भीत. टूलची उंची दोनदा बदलली. फेसिंग झालं. रफ टर्निंग. मग थांबून माप घेतलं, जॉब गार होऊ दिला, पुन्हा माप घेतलं. गरम जॉबचं माप खोटं येतं, हे कुणी त्यांना सांगितलेलं नव्हतं. मालक मागं उभे होते, त्यांनी तेवढंच बघितलं असावं. फिनिश कट एकच घेतला.

(दृश्य: मायक्रोमीटर.)

चोवीस पॉइंट नव्व्याण्णव.

(बाईट, मालक: 'हात बसलेला आहे. कागदावर काय लिहिलंय ते मी नंतर वाचीन. नाहीतर नाही वाचणार.')

पगार चाकणपेक्षा कमी ठरला. ओव्हरटाइम मिळेल, पण कामाप्रमाणे. कार्ड नाही, युनिफॉर्म नाही. पीएफचा कायदा वीस कामगारांपासून लागू होतो, ईएसआय दहापासून. इथं हे धरून माणसं दहा झाली. ईएसआयचं बघू, असं मालक म्हणाले. पीएफ बसत नाही. म्हणजे पासबुकात पुढचे महिनेही कोरेच दिसणार. त्यांनी पगार बँकेत मागितला, रोख नको म्हणाले, आणि जमा करताना शॉपचं नाव येईल असं बघा म्हणाले. मालकांनी का विचारलं नाही. हो म्हणाले.

सोमवारपासून, सकाळी आठला.