खाटेखालची चप्पल

श्रोतेहो, नमस्कार. दवाखान्यात पेशंटजवळ बसायची पाळी प्रत्येक घरावर कधी ना कधी येतेच. आज एकच गोष्ट सांगते. कूस. दर दोन तासांनी कूस बदलायची.

लकवा झालेला किंवा मांडी मोडलेला माणूस स्वतःहून वळत नाही. हाड आणि गादीच्या मध्ये कातडी दबते, तिथला रक्तपुरवठा अडतो आणि बेडसोर, म्हणजे दाबामुळं जखम, होतो. माकडहाड, टाचा, खुबे रोज बघा. लाल डागावर बोट दाबून उचला. लाली तशीच राहिली तर लगेच सिस्टरला दाखवा. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, तिथं हात लावून बघा, जागा गरम किंवा टणक लागते. चोळू मात्र नका.

वॉर्डात साठ खाटा आणि रात्रपाळीला आम्ही दोघी सिस्टर, असे माझ्या नोकरीचे ते दिवस. हवेच्या गाद्या दोन, त्यातली एक पंक्चर. हिंगोलीकडचे एक आजोबा आले, उजवं अंग लुळं. सोबतीला मुलगा. त्याला म्हटलं, "दादा, दर दोन तासांनी बाबांची कूस बदलायची. रात्रीसुद्धा." मनात म्हटलं, हा कसला उठतोय!

तो म्हणाला, "म्हंजे सिस्टर, एक वाफा भरला की बारं मोडून पाणी दुसऱ्या वाफ्यात सोडायचं, तसंच की! रब्बीला लाईट रात्रीचीच येती. आम्ही रातभर जागतूतच."

लुळा हात धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो, एवढं त्याला एकदाच सांगावं लागलं. जुन्या लुगड्यांची गोधडी होती, तिची गुंडाळी तो पाठीमागं लावायचा. दुसरी घडी पोटऱ्यांखाली, म्हणजे टाचा अधांतरी. चादरीवरची सुरकुती तळहातानं ओढून काढायचा, पेरणीआधी सारा नीट करावा तशी.

लिहिता येत नव्हतं. मग त्यानं युक्ती काढली. बाबांचं तोंड खिडकीकडं असलं की चप्पल खाटेखाली खिडकीच्या बाजूला, दाराकडं असलं की दाराच्या बाजूला. उताणे असले की पायथ्याशी. पहाटे तीनच्या राउंडला मी आधी चप्पल बघायची, मग पेशंट.

आपल्याकडं "एक सलाईन तरी लावा" म्हणून लोक भांडतात. कूस बदला म्हणून कुणी भांडलेलं मी नोकरीभर पाहिलं नाही. आणि भेटायला येणाऱ्यांनो, खाटेवर बसू नका हो! सफरचंदं आणता आणि पेशंटच्या पायावरच बसता.

असो. दोन तास, लक्षात ठेवा. बावीस दिवसांनी आजोबा घरी गेले, पाठीवर ओरखडासुद्धा नाही. तोवर शेजारच्या चार खाटांखालीही चपला आल्या होत्या. झाडणाऱ्या मावशी तेवढ्या वैतागल्या. त्यांनी झाडून चपला एका ओळीत लावल्या, की सगळ्या वॉर्डाची कूस चुकायची.