रंगाच्या आधी पन्हळ

फादर, मंडळी, सणाच्या आधी आपल्या चर्चला रंग लागतो. नोव्हेना, म्हणजे सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू व्हायच्या आत लागलाच पाहिजे, आणि कुठला रंग यावर आपण तीन-तीन बैठका घेतो. (हशा) छपरावर मात्र कुणी चढत नाही. माझं मागणं एवढंच: दरवर्षी पावसाआधी एक फेरी आणि दर पाच वर्षांनी आर्किटेक्टकडून सगळ्या इमारतीची तपासणी. ती कशी करायची हे सांगायलाच मी आलोय, पण आधी एक गोष्ट.

माझ्या आईवडिलांचं लग्न झालं त्या चर्चची. वेदीमागच्या भिंतीला ओल आली. भिंत चुन्यातली, दीड हात जाडीची. ठेकेदार म्हणाला, चुना खरवडू, सिमेंट मारू. मी नुकताच आर्किटेक्ट झालो होतो. म्हटलं, चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं. पाणी येतं कुठून ते तर बघा! वर जायला शिडीसुद्धा नव्हती. सिमेंट लागलं. पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्यात ओल डोक्याच्या वर चढली, खार फुटला, भिंतीत बसवलेली वाशांची टोकं कुजली. तेव्हा कुठे नारळ पाडायला येणाऱ्या गड्याला वर चढवलं. मनोरा आणि छप्पर मिळतं तिथल्या पन्हळीत आंब्याची पानं, कावळ्याचं घरटं आणि हातभर पिंपळ! साफ करायला अर्धा तास लागला. वासे बदलायला दोन वर्षं वर्गणी गोळा करावी लागली. मला त्याचा अजून राग येतो.

पिंपळ काय करतो ते आपल्या वसईच्या किल्ल्यात जाऊन बघा. आणि जुन्या गोव्यातला संत ऑगस्टीनचा मनोरा, ४६ मीटर उंच. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघांना, म्हणजे मठात राहणाऱ्या पाद्र्यांना, बाहेर काढलं, चर्च ओस पडलं आणि १८४२ मध्ये कमानी छत कोसळलं. सात वर्षं! १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि अर्धा मनोराही गेला.

फादरांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. भरभर सांगतो. चर्च ऑफ इंग्लंडने १९५५ मध्ये नियमच केला: प्रत्येक चर्चची निदान पाच वर्षांतून एकदा तपासणी. तिथल्या अहवालात कामं निकडीप्रमाणे लावलेली असतात. आपणही तसंच करू. आपल्याकडे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरवर पाऊस, शिवाय खारा वारा, म्हणून वार्षिक फेरी हवीच. मे महिन्यात पन्हळी, कौलं, वाळवी, घंटेची चौकट, विजेची तार. पिंपळ मुळासकट काढायचा, नुसता छाटला तर दुप्पट फुटतो. ऑक्टोबरात ओल कुठे राहिली ते बघायचं. सगळं एका वहीत, तारखेसह. फादर बदलले तरी वही चर्चमध्येच राहील. जो तपासेल त्याला दुरुस्तीचा ठेका द्यायचा नाही. पैसे रंगाच्या वर्गणीतून, आधी पन्हळीचे.

शिडी मी आणतो. मेच्या दुसऱ्या रविवारी, सकाळच्या मिस्सानंतर, म्हणजे प्रार्थनाविधीनंतर. कोण कोण येणार? हात वर करा, नावं आत्ताच वहीत लिहून घेतो.