पाचशेची एसआयपी आणि २९५ची नोंद

बाहेर फळ्यावर विषय लिहिलाय, 'विद्यार्थी आणि गुंतवणूक'. तिकडे येतोच. आधी सांगा, पासबुक कोणाकोणाकडे आहे? हात वर करा. तीन. त्यातला एक बहुतेक आळस देत होता.

हरकत नाही, मोबाइलवर स्टेटमेंट उघडा आणि मे महिन्याची अखेर बघा. कुणाच्या खात्यातून २० रुपये गेलेले दिसतील, कुणाच्या ४३६. बँकेने चोरले नाहीत. २० रुपये सुरक्षा विमा योजनेचे, अपघाती मृत्यूला दोन लाख. ४३६ जीवनज्योतीचे, मृत्यू कशानेही आला तरी दोन लाख. खातं उघडताना कुणीतरी 'इथे सही, इथे सही' म्हणालं आणि आपण केली. योजना वाईट नाहीत, वीस रुपयांत तर वडापावाची जोडीही येत नाही. पण दोन बँकांत दोन खाती असली, दोन्हीकडून हप्ता कापला गेला, तरी विमा एकदाच मिळतो, दुसरा हप्ता वाया. नको असेल तर शाखेत अर्ज द्या, कपात थांबते. अट एकच, ती नोंद आधी वाचलेली हवी.

पासबुक वाचता न येणाऱ्याने शेअर बाजाराच्या वाटेला जाऊ नये, एवढंच मला आज सांगायचंय. आता याच्याच पोटातला एक विषय, ज्यावर मी जरा जास्त बोलतो. संयोजकांनी घड्याळ बघू नये.

महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, शिष्यवृत्ती मंजूर दिसते, खात्यात मात्र दमडी नाही. मुलगी बँकेत जाते. खिडकीतून उत्तर येतं, 'आधार लिंक आहे.' कॉलेजच्या ऑफिसात जाते. तिथे सांगतात, 'आमच्याकडून फॉरवर्ड केलंय.' दोघंही खरंच बोलतात आणि मुलगी महिनाभर हेलपाटे घालते. गोम अशी की 'लिंक' वेगळं आणि 'सीडिंग' वेगळं. लिंक म्हणजे बँकेने केवायसीसाठी, म्हणजे ओळख पडताळायला, तुमचा आधार क्रमांक स्वतःकडे नोंदवला. सीडिंग म्हणजे एनपीसीआय या बँकांमधली देवघेव चालवणाऱ्या संस्थेच्या मॅपरमध्ये, म्हणजे यादीत, तुमच्या आधार क्रमांकासमोर त्या बँकेचं नाव लागलं. अनुदानाचे, शिष्यवृत्तीचे पैसे आधार क्रमांकावर सुटतात आणि मॅपर सांगेल त्या बँकेत जातात. एका आधारासमोर एकच बँक असते, सगळ्यात शेवटी सीड झालेली.

आता बघा काय होतं. गावाकडे जिल्हा बँकेत खातं, तेच सीड केलेलं. शहरात होस्टेलवर आल्यावर मित्र म्हणतो, झीरो बॅलन्स खातं उघड, पाच मिनिटांचं काम. मोबाइलवर चार चौकोनांत बरोबरच्या खुणा करायच्या असतात. त्यातला एक असतो, 'शासकीय लाभ याच खात्यात जमा व्हावेत.' तो कोण वाचतो? मॅपर बदलला, पैसे नव्या खात्यात गेले. नुसत्या ओटीपीवर केवायसी केलेलं खातं असेल आणि वर्षभरात पूर्ण केवायसी झाली नसेल, तर ते बंदच होतं. मग पैसे जिथून आले तिथे परत.

करायचं काय? आधारच्या संकेतस्थळावर 'माय आधार'मध्ये ओटीपीने शिरा आणि बँक सीडिंग स्टेटस बघा. बँकेचं नाव आणि सीडिंग चालू आहे की नाही, हे कळतं. चुकीची बँक दिसली तर हव्या त्या बँकेत जा. तिथे 'आधार लिंक करा' म्हणू नका, 'डीबीटीसाठी एनपीसीआय सीडिंग करा' म्हणा. डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात. फॉर्ममध्ये जुन्या बँकेचं नाव लिहायची जागा असते, ती रिकामी सोडू नका. पोच घ्या. आठवड्याभराने स्टेटस पुन्हा बघा. आणि तोवर नवं खातं उघडायचं नाही, मित्र कितीही...

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटे.' बरं, गुंतवणूक.

पहिल्यांदा मेस आणि खोलीभाडं मिळून दोन-तीन महिन्यांचे पैसे बाजूला काढा. मग पाचशेची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरलेला हप्ता. फंड कुठला? साधा इंडेक्स फंड, म्हणजे निफ्टीसारख्या निर्देशांकातलेच शेअर घेणारा, आणि डायरेक्ट प्लॅन. डायरेक्ट २०१३पासून आहे, त्यात मधल्याचं कमिशन जात नाही. तारीख घरून पैसे येतात त्यानंतर दोन-तीन दिवसांची घ्या आणि रक्कम आदल्या संध्याकाळीच खात्यात ठेवा. हप्ता परत गेला तर फंडवाले काही घेत नाहीत, बँक घेते. अडीचशे रुपये दंड धरला तर १८ टक्के जीएसटीसह २९५. पाचशे गुंतवायला निघालो आणि २९५ घालवून आलो! लागोपाठ तीन महिने हेच झालं की एसआयपी बंद.

शेवटच्या वर्षाची फी, परदेशी जायच्या परीक्षेचं शुल्क, असे पाच वर्षांच्या आत लागणारे पैसे शेअरच्या फंडात घालू नका. आरडी किंवा एफडी करा. ठेवीला प्रत्येक बँकेत माणशी पाच लाखांपर्यंत विमा आहे, व्याज धरून. सहकारी बँकेलाही आहे. पतसंस्थेला नाही, बोर्ड कितीही चकचकीत असो. २०१९मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला हजार रुपयेच काढता येत होते आणि विमा होता एक लाख. पाच लाख झाला तो फेब्रुवारी २०२०पासून.

क्रेडिट कार्ड. बिल २०,०००, 'किमान रक्कम' १,०००, तेवढीच भरली. उरले १९,०००. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज ६६५, त्यावर जीएसटी सुमारे १२०. म्हणजे हजार भरून कर्ज उतरलं २१५ रुपयांनी, आणि जुनी बाकी फिटेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज. पूर्ण बिल भरता येत नसेल तर कार्ड घेऊच नका.

यूपीआय पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. फसलात तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

वेळ संपली. शिष्यवृत्ती अडकलेल्यांनी खाली थांबा, एकेकाचा मॅपर बघू. आधारला जोडलेला फोन हातात हवा. ओटीपी वडिलांच्या फोनवर जात असेल तर आत्ताच घरी फोन लावून ठेवा. शेतात रेंज नसते.