उंची थांबते कुठे आणि का

वयात येऊन गेल्यावर उंची वाढते का, हे विचारणारा माणूस बहुतेक वेळा वयाचा आकडा सांगतो. एकोणीस पूर्ण झालीत, वाढेल का? चोवीस झालीत, आता? पण हाडाला जन्मतारीख कळत नाही. लांब हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची एक पातळ पट्टी असते, तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. ती शिल्लक आहे की हाडात विरून गेली आहे, यावरच उत्तर ठरतं.

या पट्टीची जाडी काही मिलिमीटरच असते, पण तिच्या आत कामाची वाटणी चोख आहे. टोकाकडच्या पेशी राखीव. त्यांच्यानंतरच्या भराभर विभागतात आणि चळतीसारख्या एकावर एक रचल्या जातात. पुढच्या थरातल्या पेशी कित्येक पटींनी फुगतात. लांबीतला मोठा वाटा या फुगण्याचाच असतो. मग त्यांची जागा पक्कं हाड घेतं. म्हणजे हाड मधून ताणलं जात नाही, टोकाशी भर पडत जाते. बारला लोंबकळून नडगी लांब होईल ही कल्पना इथेच निकालात निघते. पायाच्या लांबीत सर्वांत मोठा वाटा गुडघ्याच्या वरच्या आणि खालच्या, अशा दोन पट्ट्यांचा असतो.

राखीव पेशींची विभागण्याची ताकद हळूहळू संपत जाते, आणि ती संपवण्याची घाई करतं इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्रियांचं म्हणून ओळखलं जाणारं हॉर्मोन. मुलग्यांमध्येसुद्धा! त्यांच्या टेस्टोस्टेरॉनमधला, म्हणजे पुरुषी हॉर्मोनमधला, काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि तोच पट्टी बंद करतो. १९९४ साली वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका रुग्णामुळे हे ठळकपणे समोर आलं. २८ वर्षांचा पुरुष, उंची २०४ सेंटीमीटर, हाडांचं वय, म्हणजे एक्स-रेत हाडं जितकी पक्व दिसतात ते वय, मात्र १५ वर्षांचं. जनुकातल्या दोषामुळे त्याच्या पेशींना इस्ट्रोजेनचा संदेशच कळत नव्हता, म्हणून पट्ट्या उघड्या राहिल्या होत्या. याची व्यवहारातली बाजू व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांनी लक्षात ठेवावी. वाढ चालू असताना घेतलेल्या अनेक स्टेरॉइडचं शरीरात इस्ट्रोजेन होतं. अंगावर मांस दिसतं आणि उंची वेळेआधी थांबते.

मुलींच्या पायांच्या पट्ट्या साधारण १४ ते १६ आणि मुलग्यांच्या १६ ते १८ या वयात बंद होतात. पहिल्या पाळीनंतर मुलीची उंची सरासरी पाच ते सात सेंटीमीटर वाढते. उशिरा वयात येणारा मुलगा विशीपर्यंत वाढू शकतो. त्यात चमत्कार नाही, त्याचं घड्याळच मागे आहे. शंका असेल तर डाव्या हाताचा, मनगटासकट एक्स-रे काढून हाडांचं वय पाहतात. मनगटाजवळची पट्टी हातातल्या इतर हाडांच्या मानाने उशिरा मिटते. तीही मिटली असेल तर पायांकडून आशा ठेवू नये. ‘पंचविशीपर्यंत हाडं वाढतात’ असं छातीठोकपणे सांगणारे असतात. गळपट्टीच्या हाडाचं छातीकडचं टोक खरोखरच विशीच्या उत्तरार्धापर्यंत जुळत असतं. पण ते हाड आडवं आहे, त्याचा उंचीशी काय संबंध?

मग तिशीत ‘दोन सेंटीमीटर वाढलो’ म्हणणारे सगळे खोटं बोलतात का? नाही. ते मणक्यांमधल्या गाद्या मोजत असतात. अशा २३ गाद्या असतात आणि कण्याच्या लांबीत त्यांचा वाटा साधारण चौथ्या हिश्शाचा. दिवसभर वजनाखाली त्यांतलं पाणी पिळून निघतं, रात्री आडवं झाल्यावर परत शिरतं. सकाळ-संध्याकाळच्या उंचीत एक ते दोन सेंटीमीटरचा फरक पडतो आणि त्यातली जवळजवळ निम्मी घट उठल्यावर पहिल्या तासाभरातच होते. अंतराळवीरांची उंची वजनरहित अवस्थेत तीन टक्क्यांपर्यंत वाढते आणि परतल्यावर उतरते. लोंबकळण्याचा, ताण देण्याचा लाभही असाच, थोड्या वेळाचा. पोक काढून ताठ उभं राहिल्याने मात्र दिसणारी उंची खरंच सुधारते. पाठीचे स्नायू कमावले तर ती टिकतेही.

म्हणून मोजताना शिस्त हवी. वेळ रोज तीच. अनवाणी, टाचा जुळवून, टाचा-नितंब-पाठ भिंतीला टेकवून उभं राहा. कानाच्या छिद्राची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका आडव्या रेषेत ठेवा. हनुवटी उचलली की आकडा चुकतो. डोक्यावर पुस्तक ठेवू नका, ते तिरकं होतं. भिंतीला काटकोनात बसणारा गुण्या घ्या. दर वेळी बाजूला होऊन तीनदा मोजा आणि मधला आकडा धरा.

पावडरी आणि गोळ्यांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हाड मजबूत ठेवतात, मिटलेली पट्टी उघडत नाहीत. ग्रोथ हॉर्मोन जास्त धोक्याचं. पट्टी उघडी असताना ते अतिरेकी स्रवलं तर नोंदीतला सर्वांत उंच माणूस रॉबर्ट वॅडलो याच्यासारखं होतं: १९४० मध्ये २२व्या वर्षी मृत्यू, उंची २७२ सेंटीमीटर, आणि वाढ तोवर थांबलेली नव्हती. पट्टी मिटल्यावर तेच हॉर्मोन जबडा, हातपाय, जीभ आणि हृदय वाढवतं, उंची नाही.

प्रौढाच्या पायाचं हाड खरोखर लांब करणारा मार्ग एकच, शस्त्रक्रियेचा. तिची तत्त्वं सोव्हिएत काळात रशियातल्या कुर्गान शहरात शल्यविशारद इलिझारोव्ह यांनी बसवली. हाड कापतात, साधारण आठवडाभर थांबतात, मग दोन टोकं रोज एक मिलिमीटरने दूर नेतात, तीही पाव-पाव मिलिमीटरच्या चार टप्प्यांत. मधल्या फटीत नवं हाड धरतं. वेग वाढवला तर हाड धरत नाही आणि नसा ताणल्या जातात. फार कमी केला तर फट अकालीच भरून बसते. पाच सेंटीमीटरसाठी ताणण्याचेच पन्नास दिवस, आणि नवं हाड पक्कं व्हायला दर सेंटीमीटरमागे महिना किंवा त्याहून जास्त. हाड वाढलं तरी स्नायू तितक्या सहज लांबत नाहीत. नडगी लांबवली की पोटरी आखडते, टाच जमिनीला टेकेनाशी होते, म्हणून फिजिओथेरपी रोज, दुखत असतानाही करावी लागते. टोकं दूर नेण्यासाठी हाडातून तारा घालून बाहेर चौकट बसवली असेल, तर तारा कातडीत शिरतात तिथे जंतुसंसर्ग वारंवार होतो. हाडाच्या आत बसवलेल्या चुंबकीय सळईत तो त्रास टळतो, पण हाड न जुळणं आणि सांधा आखडणं हे धोके उरतातच.