ओसाकातलं आप्पेपात्र

नमस्कार मंडळी! आज जपानच्या गप्पा, म्हणजे मी कोबेला शिकायला होते तेव्हाच्या एका रविवारच्या. सोमवारी सबमिशन होतं, तरी मी ठरवलं की सकाळी क्योतो, दुपारी नारा आणि संध्याकाळी ओसाका करायचंच, आणि जमतं हो, क्योतोहून नारा ट्रेनने पाऊण तास, तिथून ओसाका साधारण तेवढंच.

क्योतोला फुशिमी इनारी मंदिराच्या शेंदरी कमानींखालून अर्धा डोंगर चढले, दम लागला, उतरले. मग निशिकी बाजार, जेमतेम चारशे मीटरची छपराखालची गल्ली, तिथे तांदळाच्या कोंड्यात मुरवलेली लोणची मिळतात. आपण कोंडा गुरांना घालतो बघा. नाराला तर त्याच कोंड्याची बिस्किटं हरणांना देतात आणि हरणं त्यासाठी चक्क मान लववून नमस्कार करतात, मग पिशवीही ओढतात ते वेगळं. तिथल्या तोदाईजी मंदिरातल्या प्रचंड बुद्धमूर्तीचे डोळे 752 साली रंगवले ते भारतातून गेलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्षूने. हे मला तिथे जाऊन कळलं, शाळेत कोणी सांगितलं नव्हतं, शाळेत आपण पानिपतातच अडकतो.

तर ओसाका. जपानात म्हणतात क्योतोचा माणूस कपड्यांपायी बुडतो आणि ओसाकाचा खाण्यापायी. संध्याकाळी सातला दोतोंबोरी या खाण्यापिण्याच्या भागाच्या मागच्या गल्लीत एका गाडीपाशी थबकले, कारण समोर होतं आप्पेपात्र! अहो खरंच आप्पेपात्र, फक्त आपलं सात खळग्यांचं आणि हे पाटाएवढं, खळगेच खळगे. ताकोयाकी करत होत्या एक आजी. ताको म्हणजे ऑक्टोपस. मी मालवणची, मला कसलं वावडं! लगेच आईला व्हिडिओ कॉल लावला, आपल्याकडे साडेतीन वाजलेले, आई नुकतीच दुपारची उठलेली.

आजींनी ब्रशने तेल फिरवलं आणि पातळ पीठ ओतलं ते खळगे भरून वर सगळीकडे पसरलं. आई म्हणाली, "अगं, सांडलं तिचं!" मग ऑक्टोपसचे तुकडे, कांद्याची पात, लाल आलं. आई म्हणते, "आता निघायचे नाहीत हो ते." आणि आजींनी टोकदार सळईने ते सांडलेलं पीठ चौकोन चौकोन कापलं, कडा खळग्यात कोंबल्या, आणि मनगटाच्या एका झटक्यात गोळा पाव वळसा फिरवला, परत पाव फिरवला, झाला चेंडू! म्हणजे सांडणं मुद्दाम होतं मंडळी, त्या सांडलेल्या पिठानेच वरची बाजू गोल होते. आई गप्प. आमची आई गप्प झाल्याचे प्रसंग मी बोटांवर मोजू शकते.

मी मोडक्या जपानीत सांगितलं की माझी आई पण हे करते, तर आजींनी सळई माझ्याच हातात दिली! मागे लाईन लागलेली, आणि मी पहिला गोळा फोडला, दुसरा शेजारच्या खळग्यात ढकलला, तिसरा जमला. खाल्ला तर आत पिठलं, उकळतं पिठलं, टाळू भाजली. "कच्चे राहिलेत," आई. नाही गं, ते आत मऊच ठेवतात! आजी फोनकडे बघून म्हणाल्या, "ओकिनी!" म्हणजे ओसाकाच्या बोलीत धन्यवाद. आई म्हणाली, "तिला म्हणावं तेल अजून घाल."

आता शाकाहारी मंडळींसाठी, लक्ष देऊन ऐका: दाशी. परत सांगते, दाशी. कोंबू हे समुद्री शेवाळ आणि सुकवलेला बोनितो मासा यांचं पाणी, सूपमध्ये असतं, उदोन म्हणजे जाड शेवयांमध्ये असतं आणि ऑक्टोपस काढायला लावलात तरी ताकोयाकीच्या पिठातही असतंच. तेव्हा नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही, दाशीचं विचारा.

आणि एक राहिलंच, याच ताकोयाकीच्या आधी ओसाकात तसेच गोळे करायचे, आत बैलाचं मांस घालून, त्याचं नाव होतं राजिओयाकी. राजिओ म्हणजे आपला रेडिओ हो! 1930 च्या दशकात रेडिओ एकदम नवलाईचा, म्हणून नाव दिलं. आता कुठल्या खाऊला कोणी रेडिओचं नाव देत नाही.

स्टेशनजवळच्या शंभर येनच्या दुकानातून आईसाठी तसली सळई आणली मी. आप्पे ती अजून विणकामाच्या सुईनेच उलटते, सळई तुळशीच्या कुंडीत माती उकरायला आहे.